बेळगावची नोटीस आणि कुंडलचा माळ

स्मरणिकेसाठी लेख मागायला मंडळाचे कार्यकर्ते दरवर्षी घरी येतात आणि आम्ही दरवर्षी ऑफिसच्या कामाचे निमित्त सांगून वेळ मारून नेतो. यंदा तसे जमले नाही. उत्सवाच्या पहिल्याच बैठकीत मांडवाचा विषय निघाला. बाहेरगावच्या एका ठेकेदाराचे दरपत्रक आपल्या गल्लीतल्या मांडववाल्यापेक्षा थोडे कमी होते. पैसा वर्गणीचा, तेव्हा स्वस्त मिळेल तिथून घ्यावे, असे काहींचे म्हणणे. पावसात मांडव गळला तर रात्री दोन वाजता शिडी घेऊन कोण धावून येणार, असा दुसऱ्यांचा सवाल. तासभर वाद चालला. आमची वीस वर्षांची नोकरी दरपत्रके आणि निविदा हाताळण्यात गेलेली, म्हणून शेवटी सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही त्या दिवशी काहीच बोललो नाही. परत येताना किर्लोस्कर रोडवरून आलो आणि एका माणसाची आठवण मनात घर करून बसली. त्याच माणसाविषयी हा लेख.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव आपल्या घरांत नवीन नाही. ज्यांची शेती आहे त्यांच्या विहिरीवर किर्लोस्करांचा पंप बसलेला असतो, आणि ज्यांच्या घरी वाचनाची आवड होती त्यांच्या माळ्यावर ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ मासिकांचे जुने गठ्ठे सापडतात. त्यांच्या जिद्दीच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकल्या. पण त्या गोष्टीत सरकार नावाचा एक इसम अधूनमधून येतो आणि जातो, त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. त्याने एकदा दार बंद केले आणि दोनदा उघडले. सरकारी नोकर म्हणून आम्हाला या वेळी तेवढाच भाग जास्त दिसला.

गुर्लहोसूरचा मुलगा

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. अशा घरातला मुलगा शिकून सवरून वकील व्हावा किंवा सरकारी नोकरीत चिकटावा, ही त्या काळची रीत. लक्ष्मणरावांचे मन मात्र पुस्तकात रमत नव्हते. चित्रे काढावीत आणि यंत्रे पाहावीत, एवढेच त्यांना सुचे. वडिलांना हे रुचणारे नव्हते, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधारावर १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षांनी कळले की काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना नीट उमगत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलावर यापेक्षा मोठा घाव कोणता? दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ धरली. यंत्रांची आरेखने काढायला रंग लागत नाहीत, नजर आणि हात लागतो. त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना दरमहा ४५ रुपयांवर यांत्रिक आरेखनाच्या शिक्षकाची जागा मिळाली.

आम्ही डिप्लोमा केला तेव्हा पहिल्या वर्षी मशीन ड्रॉइंगने आमचा घाम काढला होता. टी-स्क्वेअर सरकला की सारा कागद वाया. म्हणून या ४५ रुपयांच्या मास्तरांविषयी आम्हाला विशेष जवळीक वाटते. ते नुसते फळ्यावर शिकवून थांबले नाहीत. फावल्या वेळात संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रे चालवायला, खोलायला आणि जोडायला शिकले. कागदावरची रेघ लोखंडात उतरताना काय होते, हे त्यांना तिथे कळले.

सायकलपासून नांगरापर्यंत

मुंबईत असतानाच दोघा भावांनी एक धंदा सुरू केला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. सायकल ही तेव्हा श्रीमंती चीज. ती घेणाऱ्याला चालवायलाही शिकवावी लागे, आणि रामूअण्णा त्याची वेगळी फी घेत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव त्याच दुकानातून पुढे आले.

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. काम येते की नाही यापेक्षा माणूस कोणत्या जातकुळीचा आहे हे पाहिले गेले. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

सायकली विकणे हे दुसऱ्याने बनवलेला माल विकणे होते. त्यांच्या हातांना ते पुरणारे नव्हते. आपल्या भागातला शेतकरी गुरांना कडबा आखाच टाकत होता, त्यातला निम्मा पायदळी जाई. म्हणून त्यांनी कडबा कापायचे यंत्र केले. मग नांगर हाती घेतला. लाकडी नांगर जमीन ओरबाडतो, पण खालची माती वर येऊन पूर्ण उलटत नाही. हरळी आणि कुंद्याच्या मुळ्या तशाच राहतात. परदेशी लोखंडी नांगर माती उलटत होते, पण ते महाग, आणि एखादा भाग मोडला तर दुसरा मिळेपर्यंत हंगाम निघून जाई. असा नांगर इथेच बनला आणि त्याचे सुटे भागही इथेच मिळाले तर शेतकऱ्याचे काम होईल, हा साधा हिशेब होता.

हिशेब साधा, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी लोकांची ठाम समजूत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांचा आम्ही बराच विचार केला. दुकानात आलेल्या शेतकऱ्याने असे किती नांगर विकलेत म्हणून विचारले असेल तर लक्ष्मणरावांजवळ काय उत्तर होते? एकही नाही, हेच खरे उत्तर. माल विकल्याशिवाय अनुभव मिळत नाही आणि अनुभव असल्याशिवाय माल विकला जात नाही. नव्या कारखानदाराच्या गळ्यातला हा फास सव्वाशे वर्षांनंतरही तसाच आहे. फरक इतकाच की आता तो निविदेच्या अटींमध्ये क्रमांक घालून छापलेला असतो.

एक नोटीस

हळूहळू नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले. बेळगावात छोटेसे वर्कशॉप उभे राहिले. आता बस्तान बसले असे वाटत असतानाच नगरपालिकेकडून जागा रिकामी करायची सूचना आली. गावाच्या वाढीसाठी, नव्या वसाहतीसाठी ती जागा हवी होती.

आम्ही सरकारी माणसे असल्यामुळे या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी पाहतो. गाव वाढत होते, लोकांना घरे हवी होती, नियमात बसणारी गोष्ट होती. ज्या कारकुनाने ती नोटीस लिहिली त्याने कोणाचे वाईट चिंतले असेल असे आम्हाला वाटत नाही. त्याने फाईल पुढे सरकवली असेल आणि संध्याकाळी घरी गेला असेल. पण त्या फाईलवर कोणी एवढे विचारले नाही की या कारखान्याला गावातच दुसरी जागा देता येईल का. तेवढा एक शेरा राहून गेला. त्याची किंमत बेळगावाने किती मोजली, हे आज मोजता येणार नाही. कारखाना, त्यातले कारागीर आणि त्यातून पुढे निघालेले सारे उद्योग गावाबाहेर गेले. आपल्याकडे नाव उरले ते रस्त्याला.

औंधची मागणी

जागा गेली, यंत्रे हलवायची, पैसा नाही. अशा वेळी मदतीला आले औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध हे अवघ्या ७२ गावांचे आणि तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले संस्थान. बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार, व्यायामाचे भोक्ते आणि माणसाची पारख असलेले राजे.

त्यांनी लक्ष्मणरावांना पहिल्यांदा जी मदत केली ती कर्जाची नव्हती आणि देणगीचीही नव्हती. औंधला देवळाचा सभामंडप बांधायचा होता, ते काम त्यांनी लक्ष्मणरावांवर सोपवले. नांगर करणाऱ्या माणसाला बांधकाम द्यायचे, हे आजच्या नियमात बसले नसते. पण राजेसाहेबांनी माणसाची रेघ पाहिली होती. ज्याचे आरेखन चोख आहे आणि शब्द पक्का आहे, तो मंडपही चोख बांधील, हा त्यांचा अंदाज असावा, आणि तो खरा ठरला. संस्थानाला मंडप हवाच होता. तो कोणाकडून तरी करून घ्यावा लागणारच होता. त्याच खर्चात एक डळमळीत झालेला कारखानदार उभा राहिला. सरकारी खरेदीतून उद्योगाला आधार देणे म्हणजे काय, हे सांगायला आम्हाला याहून सोपे उदाहरण माहीत नाही.

त्यानंतर राजेसाहेबांनी जागा देऊ केली. कुंडल हे औंधचे मुख्य गावापासून दूर पडलेले ठाणे. तिथल्या रेल्वे स्टेशनाजवळ ३२ एकर माळ होता आणि त्याबरोबर दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज. रेल्वे जवळ असणे ही त्यातली खरी मेख, कारण कोळसा आणि बीड आणायचे आणि नांगर पाठवायचे तर रूळ हवेत.

निवडुंगाच्या माळावर

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस. आज सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात असलेल्या या जागेवर तेव्हा निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. लक्ष्मणरावांबरोबर सुमारे पंचवीस कामगार आपली बायकामुले घेऊन आले. बेळगाव सोडून अशा माळावर जायला तयार झालेली ही माणसे म्हणजे लक्ष्मणरावांचे खरे भांडवल. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी पाहिली. शंभोराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब ठेवले, के. के. कुलकर्णी पडेल ते काम करत राहिले आणि अनंतराव फळणीकरांनी नवनव्या कल्पना लढवल्या.

आधी झोपड्या, मग कारखाना, मग पक्की घरे, शाळा, रस्ते, झाडे असे ते गाव वसत गेले. पूर्वी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवले आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही हा दंडक होता. कारखान्याची वस्ती म्हणजे धूर आणि चिखल, अशी समजूत असलेल्या काळात आखीव रस्त्यांचे हे गाव लोक मुद्दाम पाहायला येत. पुढे स्टेशनाचे नावही कुंडल रोड बदलून किर्लोस्करवाडी झाले.

तोफा वितळल्या

चार वर्षांत पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येईनासे झाले आणि देशी नांगराला मागणी वाढली. पण त्याच युद्धाने कच्च्या मालाची वाटही अडवली. बीड मिळेना, कोळसा मिळेना, रंगसुद्धा मिळेना. मागणी दारात उभी आणि भट्टी थंड, अशी वेळ आली. दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरून पाहिला, मोडीचे लोखंड गोळा केले, तरी ते पुरेना.

तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा देऊ केल्या. त्या तोफा किर्लोस्करवाडीच्या भट्टीत गेल्या आणि त्यांचे नांगर झाले. ही हकीकत ऐकायला एखाद्या कीर्तनातली वाटते. पण आम्हाला तिच्यातला कारभार जास्त भावतो. सरकारी आवारात पडून राहिलेल्या निकामी मालाचे काय होते हे आम्ही रोज पाहतो. ते गंजत पडते, त्याच्या नोंदी वर्षानुवर्षे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवल्या जातात आणि शेवटी भंगारात कवडीमोलाने जाते. शाहू महाराजांनी निकामी मालाची नोंद पाहताना शेजारच्या संस्थानातल्या कारखान्याची अडचणही डोळ्यांसमोर ठेवली. कारखाना त्यांच्या हद्दीत नव्हता. त्यातले नांगर आपल्या रयतेच्या शेतात चालतात एवढे त्यांना पुरे होते.

औंधने ओगले बंधूंच्या काचकारखान्यालाही हात दिला, तेव्हा ही मदत एखाद्या माणसाच्या लोभापायी नव्हती हे दिसते. ज्या वेळी इंग्रज सरकार आपल्या गरजेचा बराचसा माल थेट लंडनमधल्या कार्यालयामार्फत मागवत होते, त्या वेळी आपली छोटी संस्थाने आपल्या मुलखातल्या कारखान्यांना कामाला लावत होती. सरकारने शक्य तेवढा माल हिंदुस्थानातच घ्यावा, ही मागणी न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून होत होती. १९१६ ते १९१८ या काळात बसलेल्या औद्योगिक आयोगानेही तोच सूर लावला आणि १९२२ मध्ये खरेदीसाठी इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट निघाले. म्हणजे मोठ्या सरकारला जे कळायला समित्या आणि अहवाल लागले, ते ७२ गावांच्या राजाला आधीच उमगले होते.

वाढता पसारा

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या बातम्यांसाठी निघालेले हे पत्रक पुढे मराठी घराघरांत पोहोचणारे मासिक झाले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे, पंप आणि लोखंडी फर्निचर असा माल निघू लागला. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला यंत्रे बनवणारी यंत्रे तयार होऊ लागली, आणि १९४६ मध्ये बेंगळूरला विजेच्या मोटारींचा तर पुण्याला तेलाच्या इंजिनांचा उद्योग निघाला.

मुलांची पिढी कामाला लागली तसे लक्ष्मणराव बाजूला होत गेले. म्हातारपणी एक मोठा आघात सोसावा लागला. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. चाळीस वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत जळाली. पण वाडी पुन्हा उभी राहिली आणि भट्ट्या पुन्हा पेटल्या. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आमच्या टेबलावरची फाईल

आता थोडे आमच्याविषयी. लिहिताना संकोच वाटतो, पण हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका कामासाठी बिडाची झाकणे घ्यायची होती. निविदेचा मसुदा आम्ही केला. मसुदा केला म्हणजे काय, जुन्या फाईलमधला काढला, तारखा बदलल्या आणि पुढे पाठवला. त्यात मागील तीन वर्षांच्या मोठ्या उलाढालीची अट होती आणि तशाच सरकारी पुरवठ्याच्या अनुभवाचीही. उद्यमबागेतला एक फाउंड्रीवाला विचारपूस करायला आला. त्याची झाकणे आम्ही पाहिली होती. माल चोख होता, पण उलाढाल अटीत बसत नव्हती. अट वरून आलेली आहे असे सांगून आम्ही त्याला परत पाठवले. खरे तर ती वरून आलेली नव्हती, जुन्या फाईलमधून आलेली होती.

काम लांबच्या एका पुरवठादाराला मिळाले. माल आला तेव्हा झाकणे उतरवून घेणाऱ्या माणसाने ओळखीची खूण दाखवली. माल त्याच उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतलेला होता. पुरवठादाराने तो तिथून उचलला आणि मधला नफा घालून आम्हाला विकला होता. नियमाप्रमाणे सारे बरोबर होते. सरकारचा पैसा जास्त गेला, करणाऱ्याच्या हाती कमी पडला आणि अनुभवाचा दाखला मिळाला तो ज्याने एकही झाकण ओतले नाही त्याला. बेळगावच्या त्या जुन्या नोटिशीचा कारकून आम्हाला त्या दिवशी आरशात दिसला.

तेव्हापासून आम्ही नियम नीट वाचू लागलो. नियम वाटतात तितके वाईट नाहीत. २०१२ मध्ये केंद्र सरकारने सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरण आणले. केंद्राची खाती आणि उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा अशा उद्योगांकडून घ्यायचा. तो आता २५ टक्के आहे. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. निविदेचे कागद मोफत, बयाणा रक्कम माफ. ३५८ वस्तू तर फक्त त्यांच्याकडूनच घ्यायच्या. लहान उद्योगाचा दर सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असेल आणि तो त्या कमी दराला माल द्यायला राजी असेल, तर मागणीचा काही भाग त्याला मिळतो. गुणवत्ता सांभाळून उलाढालीची आणि पूर्वानुभवाची अट सैल करण्याची मुभाही २०१६ मध्ये दिली गेली. राज्यांचे आपापले कायदे आहेत. आमच्या राज्यात खरेदीतल्या पारदर्शकतेचा कायदा १९९९ पासून आहे. आणि माल घेतल्यावर लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज द्यायचे, हे २००६ च्या कायद्यातच लिहिलेले आहे.

नियम कागदावर आहेत, पण ते जिवंत होतात ते मसुदा करणाऱ्याच्या टेबलावर. अट लिहिताना ती कामासाठी हवी आहे की जुन्या सवयीने आली आहे, एवढे विचारले तरी पुष्कळ. बिल आल्यावर ते त्रुटी काढून परत न पाठवता एकाच वेळी तपासले तरी पुष्कळ. लहान कारखानदार निविदा हरल्याने मरत नाही, तो बिलाची वाट पाहताना मरतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. स्थानिक म्हणून कसलाही माल घ्यायचा, आपला भाचा म्हणून काम द्यायचे, याला आधार म्हणत नाहीत. तसे केले की चांगला कारागीर मागे पडतो आणि गावाचे नाव खराब होते. बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना काम दिले ते मंडप नीट उभा राहील या खात्रीने. मंडप कोसळला असता तर पुढचा माळही मिळाला नसता. आधार घेणाऱ्याने मालाने उत्तर द्यायचे असते, आणि लक्ष्मणरावांनी ते आयुष्यभर दिले.

मांडवाचा निकाल

मंडळाच्या पुढच्या बैठकीत आम्ही तोंड उघडले. केंद्राच्या धोरणातली ती १५ टक्क्यांची तरतूद सगळ्यांना समजावून सांगितली आणि सुचवले की बाहेरचा दर गल्लीतल्या मांडववाल्याला उघड सांगावा आणि तेवढ्यात काम करशील का म्हणून विचारावे. त्याने रात्रभर हिशेब केला आणि सकाळी होकार दिला. ताडपत्री नवी वापरायची आणि पाऊस असेल त्या रात्री एक माणूस मांडवातच झोपवायचा, या दोन अटी आम्ही लेखी घेतल्या. त्याने मात्र एकच अट घातली. मागच्या वर्षी एका ठिकाणचे पैसे त्याला दिवाळीनंतर मिळाले होते, तसे होऊ नये.

हा लेख तुमच्या हाती पडेल तेव्हा तो मांडव उभा असेल आणि त्याखाली बाप्पा विराजमान झालेले असतील. आरतीला आलात की वर पाहा, गळत असेल तर आम्हाला सांगा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मांडववाल्याचे पूर्ण पैसे द्यायचे, असा ठराव मंडळाच्या वहीत आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेला आहे.